‘मोबाइलमुळे लक्ष लागत नाही’ हे तपासायचं कसं? मानसशास्त्राचा पहिला प्रकल्प करणाऱ्यांसाठी

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.ए.ला मानसशास्त्राचा प्रकल्प आला की विषय साधारण ठरलेले असतात. ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील मोबाइलचा वापर व एकाग्रता’, ‘मुले व मुली यांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास’, नाहीतर परीक्षेचा ताण. मग गूगल फॉर्म तयार होतो, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘प्लीज भरा’ म्हणून जातो, साठ-सत्तर उत्तरं येतात, कुणीतरी टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासण्याची चाचणी) लावून देतं आणि ‘परिकल्पना मान्य करण्यात आली’ असं लिहून प्रत बाइंडिंगला जाते.

यात एक प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो: काय दिसलं असतं तर ‘माझं म्हणणं चुकलं’ असं आपण म्हटलं असतं? चल, नियंत्रण, नमुना, सार्थकता हे सगळे शब्द या प्रश्नाच्या तयारीसाठी आहेत. ते पाठ होतात, पण कशासाठी आहेत ते राहून जातं, कारण ‘एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे असं कधी म्हणता येतं’ हा विचार आपण तत्त्वज्ञानाच्या पेपरात ढकलून मोकळे झालेलो असतो. म्हणून खाली दोन्ही एकत्र घेतलंय. उदाहरणाला मोबाइल आणि एकाग्रता हाच घासून गुळगुळीत झालेला विषय.

पहिली पायरी: हरू शकेल असा दावा लिहा

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात, पुढे विज्ञानाचा तत्त्वज्ञ म्हणून गाजलेल्या तरुण कार्ल पॉपरला फ्रॉइड आणि अ‍ॅडलर यांच्या सिद्धांतांबद्दल एक गोष्ट खटकू लागली. त्याने पुढे दिलेलं उदाहरण असं: एक माणूस लहान मुलाला बुडवायच्या हेतूने पाण्यात ढकलतो, दुसरा मुलाला वाचवताना स्वतःचा जीव देतो. फ्रॉइडच्या चौकटीत पहिल्याच्या बाबतीत दमन (नकोशी इच्छा मनात दाबून टाकणं) आणि दुसऱ्याच्या बाबतीत उदात्तीकरण (ती चांगल्या कामाकडे वळवणं). अ‍ॅडलरच्या चौकटीत दोघांनाही न्यूनगंड. एकाला गुन्हा करण्याचं धाडस स्वतःला दाखवून द्यायचं होतं, दुसऱ्याला वाचवण्याचं. माणूस काहीही करो, सिद्धांत बरोबरच. लोकांना ही ताकद वाटत होती, पॉपरला तोच दोष वाटला. कोणत्या निरीक्षणाने आपण खोटे ठरू हे जो सिद्धांत सांगत नाही, तो जगाबद्दल काहीच सांगत नाही.

आता ‘मोबाइलचा एकाग्रतेवर परिणाम होतो’ हे वाक्य बघा. एकाग्रता घटली तर परिणाम झाला, वाढली तरी झाला, काहींची वाढली आणि काहींची घटली तर ‘संमिश्र परिणाम’. हे वाक्य हरत नाही. ते असं लिहा: ‘रात्री अकरानंतर मोबाइल जास्त वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षरं खोडण्याच्या चाचणीत कमी गुण मिळतील.’ आणि त्याखाली लगेच: ‘वापर आणि गुण यांच्यात उलटा सहसंबंध (एक वाढलं की दुसरं घटतं असं नातं) दिसला नाही, तर माझी परिकल्पना टिकली नाही असं मी लिहीन.’

हे माहिती गोळा करण्याआधी, तारीख घालून लिहायचं आणि मार्गदर्शकांना ईमेल करून टाकायचं. ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर अशी पूर्वनोंदणी फुकट करता येते, पण ईमेलही पुरेसा आहे. आधी लिहिण्याचं कारण सोपं आहे. अपेक्षेविरुद्ध काही आलं की माणसाला पळवाटा सुचतात: चाचणीच सोपी होती, त्या दिवशी गोंगाट होता, मुलांनी गांभीर्याने घेतलं नाही. यातली एखादी पळवाट खरीही असू शकते. म्हणूनच कोणती कारणं मानायची आणि कोणती नाही हे निकाल दिसण्याआधी ठरलेलं बरं.

दुसरी पायरी: मोजणार काय, ते नेमकं सांगा

एकाग्रता डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते वागणं. कोणतं वागणं एकाग्रतेच्या जागी धरायचं हे ठरवणं म्हणजे कार्यात्मक व्याख्या. आपल्या उदाहरणात एका कागदावर देवनागरी अक्षरांच्या ओळी छापायच्या, दोन मिनिटांत फक्त ‘म’ खोडायला सांगायचं, बरोबर खोडलेल्यांतून चुकीची खोडलेली वजा करायची. ओळींत ‘भ’ भरपूर पेरा. घाईत डोळा तिथेच फसतो आणि चाचणी फार सोपी होत नाही. कागद, वेळ आणि गुण देण्याची रीत अहवालात इतकी स्पष्ट हवी की दुसऱ्या गावातल्या विद्यार्थ्याला हाच प्रकल्प जसाच्या तसा करता यावा.

मोबाइलच्या वापराचं काय? ‘तुम्ही रात्री किती वेळ मोबाइल वापरता?’ असं विचारणं सोपं, पण उत्तर कच्चं येतं. 2021 साली अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात लोकांनी सांगितलेला वापर आणि उपकरणाने नोंदलेला वापर यांचा सहसंबंध (तंतोतंत जुळलं तर 1, काहीच नातं नसेल तर 0) 0.38च्या आसपासच निघाला. फोनमध्येच ‘डिजिटल वेलबीइंग’ किंवा ‘स्क्रीन टाइम’ची नोंद असते, तिचे आकडे उतरवून घ्या. प्रश्नावली वापरलीच, तर ती इंग्रजीतून आणताना एकाने मराठीत भाषांतर करावं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं. फरक कुठे पडला ते लगेच कळतं.

चाचणी विश्वसनीय आहे का, हे बघायला दहा-पंधरा मित्रांना आठवड्याच्या अंतराने ती दोनदा द्या. पहिल्या वेळी पुढे असलेले दुसऱ्या वेळीही साधारण पुढेच असायला हवेत. वैधता, म्हणजे मोजायचं तेच मोजलं जातंय का, हा जास्त अवघड मामला. त्यासाठी बर्लिनला जावं लागेल.

तिसरी पायरी: स्वतःवर पहारा बसवा

बर्लिनमधल्या विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा 1904च्या सुमारास जर्मनीभर गाजत होता. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, कॅलेंडर, काहीही विचारा, हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. फॉन ओस्टेन पैसे घेत नव्हते, लबाडी करत नव्हते. मालक तिथे नसला, परक्या माणसाने विचारलं, तरी घोडा बरोबर. मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या नेतृत्वाखालच्या समितीने, जिच्यात सर्कसचा जाणकारही होता, यात कसलीही हातचलाखी नाही असा निर्वाळा दिला.

मग श्टुम्फ यांचा विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट कामाला लागला. त्याने ‘घोडा हुशार आहे का?’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेला. बघे दूर केले. प्रश्न विचारणारे बदलले. घोड्याला झापडं लावून विचारणारा दिसेनासा केला. आणि सगळ्यात नामी युक्ती: एकाने हान्सच्या कानात एक आकडा सांगायचा, दुसऱ्याने दुसरा, आणि बेरीज विचारायची. आता उत्तर तिथल्या एकाही माणसाला माहीत नाही. हान्सची गणितं धडाधड चुकू लागली. विचारणारा दिसत नसला, तरी तेच.

झालं होतं असं की प्रश्न संपला की माणूस नकळत किंचित पुढे झुकून खुराकडे बघायचा, घोडा आपटायला लागायचा; बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं केसभर वर जायचं, घोडा थांबायचा. फुंग्स्टला हे कळल्यानंतरही स्वतःची ही हालचाल पूर्णपणे रोखता येईना. 1907 साली त्याने हे सगळं पुस्तकरूपात मांडलं. फॉन ओस्टेन यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

या घोड्याकडून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, हान्सची ‘चाचणी’ विश्वसनीय होती, रोज तीच अचूक उत्तरं. पण ती गणित मोजत नव्हती, माणसाचं निरीक्षण करण्याची क्षमता मोजत होती. विश्वसनीय असून अवैध ती अशी. दोन, उत्तर बरोबर असणं म्हणजे ज्ञान नव्हे. प्लेटोपासून चालत आलेल्या व्याख्येत ज्ञान म्हणजे खरा आणि सकारण विश्वास. 1963 साली एडमंड गेटियर या तत्त्वज्ञाने अवघ्या तीन पानांच्या लेखात दाखवलं की विश्वास खरा असला, त्याला कारणही असलं, तरी तो नशिबाने खरा ठरलेला असू शकतो. तुमची परिकल्पना ‘मान्य’ झाली तेव्हा ती योग्य वाटेने झाली का, हा प्रश्न म्हणून उरतोच.

आपल्या प्रकल्पात याचा अर्थ असा. रात्री दोनपर्यंत जागणारा मित्र कोण हे तुम्हाला माहीत असेल आणि चाचणी तुम्हीच घेत असाल, तर घड्याळ थांबवताना अर्धा सेकंद इकडे-तिकडे होणारच. रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी 1963 साली विद्यार्थ्यांना उंदीर दिले, काहींना सांगितलं ‘हे हुशार’, काहींना ‘हे मठ्ठ’. उंदीर होते सारखेच, पण ‘हुशार’ उंदरांची कामगिरी सरस निघाली. म्हणून चाचणी घेणारा वेगळा आणि मोबाइलच्या नोंदी उतरवणारा वेगळा ठेवा. सूचना तोंडी समजावू नका, सगळ्यांना एकाच कागदावरून वाचून दाखवा. उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक टाका आणि गुण मोजणाऱ्याला बाकी काही कळू देऊ नका. एवढं केलं तरी पदव्युत्तर पातळीवरच्या निम्म्याशिम्म्या प्रकल्पांपेक्षा तुमचं काम उजवं होईल, असं माझं मत आहे.

चौथी पायरी: सोबत आणि कारण यांत गल्लत करू नका

समजा उलटा सहसंबंध निघाला: मोबाइल जास्त, गुण कमी. मोबाइलमुळे? की ज्यांचं मुळातच लक्ष लागत नाही ती मुलं मोबाइलकडे वळतात? की रात्रपाळी करून शिकणारी मुलं उशिरा मोबाइल बघतात आणि सकाळी पेंगतात?

हा तिसरा प्रकार आपल्याकडच्या न्यायशास्त्राने, म्हणजे अनुमानाचा विचार करणाऱ्या जुन्या दर्शनाने, फार बारकाईने हाताळलाय. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान चालतं. पण उलटं, जिथे अग्नी तिथे धूर, हे चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या जळणामुळे. हे ओलं जळण म्हणजे ‘उपाधी’: वरून दिसणारा संबंध जिच्या जोरावर उभा असतो ती लपलेली अट. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याचं जवळचं भावंड ‘गोंधळ घालणारा चल’ म्हणून भेटतं. अमुक संबंध दिसला की ‘यात ओलं जळण कुठलं?’ असं विचारायची सवय लावून घ्या.

मार्शमॅलोची प्रसिद्ध चाचणी घ्या. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत मुलांपुढे पर्याय ठेवला: आत्ता एक खाऊ, किंवा थांबलास तर दोन. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात, ठरावीक परिस्थितीत जास्त वेळ थांबलेल्या मुलांना पुढे प्रवेशपरीक्षेत जास्त गुण मिळाल्याचं दिसलं. तिथून पालकत्वाच्या पुस्तकांनी आणि प्रेरणादायी व्याख्यानांनी ‘संयम शिकवा, मूल यशस्वी होईल’ एवढा मोठा इमला बांधला. 2018 साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी 900हून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यात त्यांनी मुख्य भर दिला तो ज्यांच्या आईकडे पदवी नाही अशा मुलांवर. संबंध मूळ अभ्यासाच्या निम्माच निघाला. आणि घरची परिस्थिती, लहानपणची बौद्धिक क्षमता यांसारख्या गोष्टी हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गळून पडला. ओलं जळण बऱ्याच अंशी घरात होतं.

चार्वाकांनी इथे खोचक आक्षेप घेतला होता: दिसणाऱ्या उपाधी तुम्ही तपासाल, पण न दिसणाऱ्या नाहीतच हे कशावरून? आक्षेप खरा आहे. सर्वेक्षणात वय, अभ्यासक्रम, नोकरी कितीही विचारलीत तरी जे सुचलंच नाही ते सुटतं. त्याला विसाव्या शतकातलं उत्तर म्हणजे रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांतून रुजवलेली यादृच्छिक विभागणी. नाणं उडवून गट पाडले की माहीत असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही उपाधी सरासरीने दोन्हीकडे सारख्या वाटल्या जातात. सरासरीने, हा शब्द महत्त्वाचा. गट लहान असेल तर नाणंही दगा देतं.

विद्यार्थ्याला झेपेल असा प्रयोग: तयार असलेल्या मुलामुलींपैकी नाणेफेकीने निम्म्यांनी आठवडाभर रात्री दहानंतर फोन खोलीबाहेर ठेवायचा, बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे वागायचं, आठव्या दिवशी सकाळी सगळ्यांची चाचणी. फोन बाहेर ठेवणाऱ्याला आपण काय करतोय ते कळतं आणि तो जरा जोर लावून चाचणी देईल, हा दोष राहतो. तो लपवू नका, अहवालात लिहा. आणि प्रयोग शक्यच नसेल तर सर्वेक्षण करा, पण मग ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकातून काढा, ‘संबंध’ लिहा.

पाचवी पायरी: कुणाला आणि किती जणांना विचारणार

डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच अडचण दाखवून ठेवलीय: पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल बोलायला तर्काचा आधार नाही, आपण ते सवयीने करतो. नमुना निवड या अडचणीवर मात करत नाही, फक्त उडी किती लांब मारायची ते सांगते. मानसशास्त्राने इथे फार लांब उड्या मारल्यात. 2010 साली जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी लक्षात आणून दिलं की नामांकित नियतकालिकांतल्या अभ्यासांमधले 96 टक्के नमुने ज्या देशांतून येतात, तिथे जगाची फक्त 12 टक्के लोकसंख्या राहते. आपण त्यांना हसायचं आणि स्वतःच्या वर्गातल्या साठ जणांवरून ‘आजची तरुण पिढी’ असं लिहायचं, हे बरं नाही. निदान तीन शाखांतल्या हजेरीपटांवरून चिठ्ठ्या टाकून नावं काढा.

संख्या: 0.30 इतका सहसंबंध खरोखर असेल आणि तो पकडण्याची 80 टक्के शक्यता हवी असेल, तर सुमारे 85 जण लागतात. दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या प्रमाण विचलनाचा (गुण सरासरीपासून साधारण किती विखुरलेत त्याचं माप) फरक शोधायचा तर प्रत्येक गटात 64. जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर हा हिशेब करून देतं. एवढी माणसं मिळणार नसतील, तर आठ-दहा जणांच्या सविस्तर मुलाखती घेणं जास्त प्रामाणिक. मुलाखती हा कमी दर्जाचा मार्ग नाही. ‘किती’चं उत्तर त्यातून मिळत नाही, पण रात्री एक वाजता फोन खाली का ठेववत नाही ते मिळतं.

सहावी पायरी: संमती

अभ्यास कशाचा, किती वेळ लागेल, मधेच सोडता येईल, नाव उघड होणार नाही: एवढं मराठीत, एका पानावर. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमतीही लागते, आणि अकरावी-बारावीचे जवळपास सगळेच त्यात येतात. सोबत नैराश्याची प्रश्नावली जोडायचा मोह होत असेल तर आधी ती शेवटपर्यंत वाचा. पीएचक्यू-9 या नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला ‘हो’ आलं तर काय करणार हे ठरलेलं नसेल, तर ती प्रश्नावली वापरू नका. नावाशिवाय भरलेल्या फॉर्ममध्ये तर त्या व्यक्तीपर्यंत पोहोचताही येत नाही. मार्गदर्शक, महाविद्यालयाचे समुपदेशक आणि टेलि-मानस हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक, हे तिन्ही आधी तयार हवं.

सातवी पायरी: आकड्यांना जेवढं विचारलं तेवढंच ऐका

जामोवी किंवा जॅस्प ही मोफत सॉफ्टवेअर्स घ्या, दोन तासांत शिकता येतात. पी-मूल्य 0.03 आलं, याचा अर्थ ‘माझी परिकल्पना 97 टक्के खरी’ असा नाही. अर्थ असा: प्रत्यक्षात काहीच संबंध नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून ठळक निकाल शंभरात तीनदा दिसला असता.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो नकळत. मोबाइल आणि एकाग्रता यांत काही निघालं नाही, म्हणून फक्त मुलींचं बघितलं, मग फक्त वसतिगृहात राहणाऱ्यांचं, मग फक्त इन्स्टाग्रामचं. कुठेच काही नसताना अशा वीस स्वतंत्र तुलना केल्या, तर एखादीचं तरी पी-मूल्य 0.05च्या, म्हणजे निकाल ‘सार्थक’ मानायच्या रूढ मर्यादेच्या, खाली येण्याची शक्यता 64 टक्के. सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन यांनी 2011 साली अशाच रोजच्या सवलती वापरून ‘सिद्ध’ करून दाखवलं की एक विशिष्ट गाणं ऐकल्याने माणसाचं वय जवळपास दीड वर्षाने कमी होतं! 2015 साली संशोधकांच्या मोठ्या गटाने मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांत 97 टक्के निकाल सार्थक होते, पुन्हा करताना फक्त 36 टक्के. त्यातले बहुतेक संशोधक लबाड नव्हते. त्यांच्याकडे हवे तेव्हा वळायला रस्ते होते, आणि पहिल्या पायरीतला ईमेल कुणी पाठवलेला नव्हता.

नंतर सुचलेली तुलना करू नका असं नाही. करा, पण ‘हे आधी ठरलेलं नव्हतं’ असं शेजारी लिहा.

आठवी पायरी: निष्कर्षाचं वाक्य

‘परिकल्पना सिद्ध झाली’ हे खोडा. ‘शून्य परिकल्पना (फरक किंवा संबंध नाही हे गृहीतक) स्वीकारली’ हेही खोडा. फरक सापडला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही, कदाचित माणसं कमी पडली. त्याऐवजी असं काही: ‘आमच्या महाविद्यालयातील तीन शाखांतील 90 विद्यार्थ्यांमध्ये रात्रीचा नोंदवलेला मोबाइल वापर आणि सकाळच्या अक्षर-चाचणीतील गुण यांच्यात सौम्य उलटा संबंध दिसला. झोपेचे तास आणि नोकरी यांची माहिती घेतली होती, घरातील वातावरणाची नाही. हे सर्वेक्षण असल्याने मोबाइलमुळे गुण कमी झाले असे म्हणता येत नाही.’

सहसंबंध 0.30 आला असेल तर त्याचा वर्ग 0.09, म्हणजे गुणांमधल्या फरकांपैकी नऊ टक्के वाटा मोबाइलच्या वापराशी जुळतो, हेही सांगून टाका. परिशिष्टात नावं काढलेली मूळ आकडेवारी, चाचणीचा कोरा कागद, वाचून दाखवलेल्या सूचना, संमतिपत्राचा नमुना आणि तारखेसह तो ईमेल जोडा. निकाल उलटा आला असेल तरी परिशिष्ट तेच राहतं.